टण की थप

नऊशे फुटांवर विमानाच्या पंख्याच्या एका पात्याची साल निघाली. विमान कसंबसं माळावर उतरलं आणि वैमानिकाचे दोन्ही पाय मोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तपास अधिकारी बाई दुरुस्तीच्या कारखान्यात पोचल्या, तेव्हा मास्तर नाण्याने भिंत ठोकत होते.

"भिंतीला काय झालंय?"

"भिंत बरी आहे. माझे कान तपासतोय."

कार्बनचं पातं आलं की मास्तर ते नाण्याने इंचाइंचावर वाजवत. टण वाजलं तर आतले थर घट्ट, थप वाजलं तर सुटलेले. हे पातं त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी 'टण' म्हणून पास केलं होतं. आता त्यांचं लायसन्स रद्द करायचा कागद बाईंच्या बॅगेत होता. फक्त सही बाकी होती.

रंगकाम मास्तरांच्या जावयाकडे होतं. तो लंगडत पुढे आला.

"मुरगळलाय," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मॅडम, मामांना ऐकू येत नाही हो. त्यांचा टीव्ही इतका मोठा असतो, की शेजाऱ्यांनी स्वतःचा विकून टाकलाय."

"हे ऐकू आलं," मास्तर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "पण पात्याचं नाही आलं. त्या पोराचे पाय माझ्यामुळे गेले."

पुन्हा भिंत. टण. त्यांनी बाईंकडे पाहिलं. "टणच ना? खरं सांगा."

बाई रंगाच्या खोलीत गेल्या, मागोमाग ते दोघंही. खोली आरशासारखी लखलखीत होती.

"जुना रंग कसा काढलात?"

"पॉलिश पेपरने, हाताने घासून. कार्बनला दुसरं काही चालतच नाही. दोन पंखे, सहा पाती, तीन दिवस."

"धूळ?"

"मी स्वच्छ माणूस आहे."

फळीवर एक ब्रश होता. त्याची प्लास्टिकची मूठ चघळून टाकल्यासारखी बिलबिलीत झाली होती.

"हिटरपाशी राहिला," जावई न विचारताच म्हणाला.

"दुसरा पंखा कुठाय?"

"माझ्या मुलीच्या विमानावर," मास्तर म्हणाले. "अकराला तिचं उड्डाण आहे. पण विमानाची किल्लीच सापडत नाही. जावईबापू पहाटेपासून शोधतायत."

बाईंनी फोन कानाला लावला. "हॅलो, टॉवर? दुसरी किल्ली फ्लाइंग क्लबच्या कपाटात आहे. तिला उडू द्या."

मास्तरांनी नाणं टेबलावर वाजवलं. "टण होतं," ते पुटपुटले. "होतं ना?"

बाहेर इंजिन सुरू झालं.

जावयाने टेबलावरच्या वायरलेसवर झडप घातली. "उडू नकोस! इंजिन बंद कर! मी पात्यांना रंग काढायचा रिमूव्हर लावलाय!"

खरखर झाली. मग बायकोचा आवाज आला. "मी टॉवरमध्ये चहा पितेय. कुठल्या पात्यांना?"

"ते इंजिन दुसऱ्याच कुणाचं आहे," बाई म्हणाल्या. "तिच्या विमानावर मी सकाळीच उड्डाणबंदी घातली, मघाचा फोन नुसतं नाटक होतं. सहा पाती घासलेल्या खोलीत पिठाच्या गिरणीसारखी धूळ हवी. आणि हिटरने मूठ एका बाजूने वितळते, ही चहूबाजूंनी विरघळलीय. इथे येण्याआधी कुठे होतात?"

"धातूच्या पात्यांवर."

"तिथे रिमूव्हर चालतो. दहा मिनिटांत रंग उतरतो. कार्बनमध्ये तो मुरतो आणि थर चिकटवणारं रेझिन खातो, सावकाश. मास्तरांनी वाजवलं त्या दिवशी खरंच टण होतं. तुम्ही वर नवा रंग मारून रिमूव्हर आत कोंडलात. काल अपघाताचं कळलं तेव्हा दुसऱ्या पंख्यालाही तेच लावलंय हे तुम्हालाच ठाऊक होतं, म्हणून किल्ली नाहीशी झाली. मुरगळलेल्या पायाला इतका घट्ट बूट कोण घालतं? काढा."

बूट उलटा केल्यावर किल्ली खाली पडली.

मास्तरांची मुलगी धापा टाकत दारात आली. जावई तिच्याकडे वळला.

"तुझ्यासाठीच लपवली गं. तू उडू नयेस म्हणून."

"मला वाचवलंस, बरं," ती म्हणाली. "मग कालपासून माझ्या बाबांना बहिरं कशाला केलंस?"

तो एका पायात बूट घालून उभा राहिला.