चाळीस फुटांवरचा लाव्हा

भोकरजवळच्या शिवारात दयानंदची विहीर चाळीस फुटांवर गेली, त्या दुपारी एक अनोळखी मुलगी क्रेनच्या पाळण्यात बसून थेट तळाशी उतरली. तिनं बूट काढले, काळ्या दगडावर तळवा टेकवला, डोळे मिटले. चक्कर आली असावी म्हणून दयानंदनं पाण्याची बाटली पुढं केली.

“हा लाव्हा आहे,” ती म्हणाली. “साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथून वाहत होता.”

“म्हंजी... पाणी न्हाई?”

ती हसली, आणि पाणी हा विषय दयानंदपुरता मागं पडला.

धम्मप्रिया नांदेडला भूगर्भशास्त्रात पीएच.डी. करत होती. कुठल्याच देवापुढं ती हात जोडत नसे. पण ज्वालामुखीपुढं आपण किती कालचे आहोत ते कळतं, मन निवतं, असं सांगायची. ती दर रविवारी येऊ लागली, तशी विहीर बोटाबोटानं खोल जाऊ लागली. दयानंदच्या आईनं, पार्वतीबाईंनी, आधी आडनाव विचारलं, मग चहा दिला. घरच्याच कपात. गावाला बोलायला दोन दिवस तेवढं पुरलं.

दोन लाव्ह्यांमधल्या तांबड्या थराचा एक दगड तिनं काढून घेतला. त्यात गोठलेलं त्या काळचं चुंबकत्व मोजताना उत्तर दिशा कळावी म्हणून त्यावर लाल रंगानं बाण काढला, दगड बांधावर ठेवला आणि प्रयोगशाळेची तारीख आणायला गेली. परतली तेव्हा विहीर बांधून झाली होती, थर सिमेंटआड गेला होता. आणि बाण म्हणजे कुणीतरी अर्धवट सोडलेला शेंदूर समजून पार्वतीबाईंनी तो पुरा केला होता. पुढ्यात पाच नारळ.

शेंदराखाली बाण शाबूत होता, आणि तिच्या संशोधनाची तीन वर्षं त्या एका दगडात होती.

“मावशी, हा मला न्यायचाय.”

“कोप होईल.”

“तो होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली.”

पार्वतीबाई हलल्या नाहीत. बसलेला देव घरच्या जोडप्यानंच उठवायचा, अशी रीत. मालक जाऊन दहा वर्षं झालेली, पोरगा बिनलग्नाचा. जोडपंच नाही, तर देव उठणार कसा?

“जोडपं हाय की,” दयानंद म्हणाला. “म्हंजी... व्हायचं हाय.”

धम्मप्रियानं मान वर केली. “मला न विचारता?”

“आता विचारून राहिलो.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं. लाव्ह्याकडं बघायची, तशीच.

“मला आधी जिवंत ज्वालामुखी बघायचाय. जावा बेटावर.”

“दोन तिकिटं काढू.”

“आणि नमस्कार मी करणार नाही.”

“नको करू. तिकडून धर फक्त. लई जड हाय.”

तिनं दगडाखाली बोटं घातली. पार्वतीबाईंनी पोराकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, मग पदर खोचला आणि वाटेतले नारळ एकेक करून बाजूला सारू लागल्या.

“दमानं,” त्या म्हणाल्या. “पायावर पाडून घेसाल.”