हळद लागलेला बस्ता

गुरुपादप्पांच्या कापड दुकानातून सांगावा आला, तेव्हा नरसिंग जमादार पोलीस ठाण्याच्या कोरड्या नळाला शिव्या घालत होता. लातूरचा जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. पाट्या नव्या लागल्या, साहेब नवे आले, शिपाई मात्र जुनेच आणि तेवढेच. त्यात पावसानं दगा दिला होता. आणि गुरुपादप्पांची लुगडी आता चौथ्यांदा चोरीला गेली होती.

दुकानात पाऊल टाकताच त्याचं डोकं आणखी तापलं. पाणी भरणाऱ्या नागूबाईची पिशवी उंबऱ्याशी उपडी केलेली होती. भाकरीचं फडकं, दोन मिरच्या, मिशरीची डबी, सगळं गिऱ्हाइकांच्या पायाशी लोळत होतं. ती रिकामी घागर छातीशी धरून भिंतीला टेकली होती.

"हिला ठाण्यात घ्या," गुरुपादप्पा म्हणाले. "आज दोन रेशमी इरकली लुगडी गेली. घागर घेऊन लगालगा चालली होती. त्यातच घालून नेत असंल."

"एकदा ठाण्यात नाव लागलं तर कोण दारात उभं करंल मला?" नागूबाईचा आवाज फाटला. "चार दुकानांचं पाणी भरते म्हणून चूल पेटती, साहेब."

नरसिंगनं घागरीत हात घातला. घागर रिकामी असली तरी आतून ओलीगच्च होती; हात कोपरापर्यंत भिजून बाहेर आला.

"मालक, ह्यात रेशीम कोंबलं तर विकायच्या लायकीचं राहील का?"

गुरुपादप्पांनी घागरीला बोट लावून पाहिलं.

"आणि ही तर रोज येती. चोरी रोज होती का?"

"न्हाई. बस्ता बांधला त्याच दिवशी. गर्दी असती ना."

आजही बस्ताच होता. शिरूर अनंतपाळच्या तारामतीबाई लेकीच्या लग्नाचं कापड घ्यायला आल्या होत्या. सगळ्या लुगड्यांचं एक गाठोडं बांधून गादीवर ठेवलं होतं. त्याला हळदकुंकू लागलं होतं आणि वर नारळ होता.

"दारात झडती कुणाकुणाची घेता?"

"समद्यांची. ह्या महानंदाबाई तर आपणहून पदर झटकून दाखवित्यात."

महानंदाबाई गाठोड्याला खेटून बसल्या होत्या. गावोगावची लग्नघरं ह्या दुकानात आणायची आणि मालकाकडून दलाली घ्यायची, हा त्यांचा धंदा.

"घ्या की, माझी आधी घ्या झडती," त्या म्हणाल्या. "कर न्हाई त्याला डर कशाची?"

"प्रत्येक बस्त्याला ह्याच असत्यात?" नरसिंगनं मालकाला विचारलं.

"हाव. लई पायगुणाची बाई. बस्त्याची पूजा तीच करती, गाठ तीच मारती. गिऱ्हाइकाबरोबर गावापर्यंत जाती आणि घरी गेल्यावर गाठ बी तीच सोडती."

"पूजेच्या वक्ताला तुम्ही कुठं असता?"

"आत. देवापुढचा नारळ आणाया."

नरसिंग तारामतीबाईंकडे वळला. "आणि तुम्ही काय करत होता, बाई?"

"डोळे मिटून माहूरच्या आईचं नाव घेत होते. महानंदाबाईंनीच सांगितलं तसं."

"लुगडी किती घेतली?"

"एकवीस. मी सोता मोजली."

"मालक," नरसिंग म्हणाला, "बस्ता सोडा."

दुकानात एकच कालवा उठला. हळद लागलेला बस्ता दुकानात सोडतात का कुठं? पोरीचा संसार उधळायचाय का? महानंदाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. गुरुपादप्पांनी तर हातच जोडले. "जमादार, माझं गिऱ्हाईक तुटंल हो!"

नरसिंगला मनस्वी संताप आला. गरिबाची भाकर चव्हाट्यावर मांडली तेव्हा कुणाला अपशकुन दिसला नव्हता. बळजबरीनं बस्ता सोडावा, तर उद्या सगळं गाव ठाण्यावर येणार. न सोडावा, तर चोर राहील बाजूला आणि नागूबाई जाईल आत.

"मग ऐका," तो ओरडला. "दारात माणसाची झडती होती, बस्त्याची होत न्हाई. ही बाई ते पक्कं जाणून हाय. मालक नारळाला आत जातो, वऱ्हाड डोळे मिटतं. तेवढ्यात ढिगातली दोन लुगडी बस्त्यात सरकवायची, गाठ मारायची, वर हळद लावायची. मग चोरीचा माल गिऱ्हाइकाच्याच डोक्यावरून बाहेर पडतो. गावात गाठ हीच सोडती. ‘वरची दोन माझी, वाटेत सोयीसाठी तुमच्या बस्त्यात ठेवली होती,’ असं म्हणून काढून घेती. मालक, तुम्ही भाकरीचं फडकं झटकत बसला आणि चोरीचा माल नारळ ठेवून वाटेला लावला."

"तोंडाला येईल ते बोलतोय ह्यो!" महानंदाबाई म्हणाल्या. पण त्यांचा हात गाठीवरून हलला नव्हता.

कुणीच पुढं येईना. शेवटी तारामतीबाई उठल्या. त्यांनी नारळ उचलून कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला.

"सरका, बाई. गाठ मी सोडते. चोरीचं लुगडं लेकीच्या मांडवात नेलं तर त्याच्याहून मोठा अपशकुन कोणता?"

त्यांनी गाठ सोडली. त्या एकेक लुगडं मोठ्यानं मोजत गेल्या. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

महानंदाबाईंचा चेहरा उतरला. "दुष्काळानं लग्नं आटली," त्या पुटपुटल्या. "चार बस्ते आले साऱ्या हंगामात. तेवढ्या दलालीवर म्या काय खाऊ?"

"आणि तुमच्या चोरीपायी जिच्यावर आळ आला, ती काय खाणार होती?" नरसिंग म्हणाला. त्यानं महानंदाबाईंना बरोबर आणलेल्या शिपायाच्या हवाली केलं.

गुरुपादप्पांनी घसा खाकरला. "नागू, झालं गेलं इसरून जा. आता रांजण भर बघू. गिऱ्हाईक तहानलंय."

नागूबाईनं घागर खाली ठेवली. "माझी पिशवी तुम्ही सगळ्यांदेखत उपडी केली, मालक. सगळ्यांदेखत भरून द्या. मग पाण्याचं बघू."

गुरुपादप्पांनी रांजणात डोकावून पाहिलं. तळाला नुसता गाळ होता. त्यांनी नरसिंगकडे पाहिलं, तर तो मुद्दाम छताकडे बघत होता. मग धोतर सावरून ते उंबऱ्याशी खाली बसले आणि भाकरीवरची माती झटकू लागले.