जबड्याचं भाकितचित्र

मिरजेत आता दात दुखला तरी लोक आधी भाकितचित्र काढून यायचे. साधा एक्स-रे आजचं हाड दाखवतो, भाकितचित्र पुढच्या वीस वर्षांचं. हाडातल्या काही पेशी रोज जुनं हाड खातात, काही नवं रचतात. त्यांचा वेग आणि रक्ताचा पुरवठा मोजून यंत्र एकेका वर्षाचं हाड पडद्यावर उभं करायचं. आणि चुकायचं नाही, हीच तर पंचाईत!

इंदुमतीबाई गुरव देवळात सनई वाजवायच्या. उजव्या जबड्यावर फुगवटा आला, तेव्हा घरच्यांनी तो फुंकीचा गाल मानला. फुंकून फुंकून गाल सुटतोच, त्यात काय एवढं! वर्ष असंच गेलं. मग एकदा बोट लागलं, तर आत दगडासारखं कडक. आता हे कापावं लागणार, असंच त्यांनी धरलं. कापलं की ओठ बधिर होणार, आणि बधिर ओठांत सनईची पत्ती धरणार कशी?

"कॅन्सर नाही, काकू," भाकितचित्र बघून डॉक्टर मुजावर म्हणाले. "हाडाचीच साधी गाठ. कडा बघा किती आखीव आहेत."

"वाढेल?"

"थोडी. चौथ्या वर्षापर्यंत. पुढे तेवढीच राहील. ऑपरेशनची गरजच नाही."

इंदुमतीबाईंना हसूच फुटलं. त्यांनी हौसेनं चित्र पुन्हा लावायला सांगितलं. पडद्यावर गाठ वाढत गेली, दातांखालचं हाड झिजत गेलं. चौथ्या वर्षी गाठ थांबली. झीजही थांबली.

"डॉक्टर, गाठ थांबली ते बरं झालं. पण झीज का थांबली?"

डॉक्टरांनी चित्र मागे-पुढे फिरवलं. मग खुर्ची ओढून बसले.

"पेशींचं कामच थांबलंय, काकू. जिवंत हाड असं थांबत नाही. मी नुसती गाठच बघत होतो."

"कशानं होईल?"

"ते जबड्यात दिसत नाही. बाकीच्या तपासण्या करू आपण."

"तुमचं चित्र कधी चुकलंय?"

डॉक्टरांनी तपासण्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

बाहेर लेक शाल्मली वाट बघत होती. आईशेजारी बसून एकच अखंड स्वर द्यायचा, म्हणजे सूर धरायचा, एवढंच काम तिला कित्येक वर्षं होतं. सनई मागितली की आई म्हणायची, "घाई कसली? अजून कच्ची आहेस."

"आई, कापायचं म्हणाले का गं?"

"नाही. गरजच नाही म्हणाले."

शाल्मलीनं तिथंच मिठी मारली. "चल, पेढे घेऊ आधी!"

इंदुमतीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"उद्या देवळात सनई तू घे. मी सूर धरते."

"मी? अगं, मी कच्ची आहे ना अजून?"

"आहेसच. म्हणून तर उद्यापासून."