भट्टीच्या खोलीतली दोन भोकं

केतकीला पडलेलं कोडं असं होतं: घरात डोकं दुखायचं आणि अंगणात गेलं की थांबायचं.

आई म्हणायची, "विरळ हवेचा त्रास आहे गं. होईल सवय."

केतकीची आई, डॉक्टर अनघा, लडाखमधल्या सोमथांग गावाजवळच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ होती. पुण्याहून येऊन दोघींना महिनाच झाला होता, आणि गाव इतक्या उंचीवर होतं, की तिथल्या एका श्वासात पुण्यातल्या श्वासाच्या जेमतेम दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळायचा. त्यामुळे आईचं म्हणणं पटण्यासारखं होतं. पण केतकीला एक गोष्ट खटकत होती. हवा विरळ आहे ती घरातही आणि अंगणातही. मग अंगणात डोकं का दुखत नाही? शाळेच्या मैदानात धावताना का दुखत नाही?

तिने हे गोटूलाही विचारलं होतं. गोटू म्हणजे वेधशाळेने गावातल्या प्रत्येक घराला आणि आरोग्यकेंद्राला दिलेल्या यंत्रमानवांपैकी एक. दिसायला गोल, बोलायला नम्र. स्वयंपाक, साफसफाई, घर उबदार ठेवणं ही त्याची कामं.

"घरातलं तापमान एकवीस अंश आहे," गोटू म्हणाला होता. "सर्व काही ठीक आहे."

त्या दिवशी केतकी शाळेतून परत आली तेव्हा अंगणात, ऊन लागलेल्या भिंतीला टेकून आबा बसलेले दिसले. आबा म्हणजे आईचे वडील. आयुष्यभर त्यांनी एका प्रयोगशाळेत ज्वलनाचा (एखादी वस्तू ऑक्सिजनशी संयोग पावून जळते, त्या क्रियेचा) अभ्यास केला होता. लेहमध्ये आठवडाभर राहून, उंचीची सवय करून ते नुकतेच इथे पोचले होते.

"आबा! तुम्ही बाहेर का?"

"तुझी आई रात्रभर दुर्बिणीवर होती. झोपलीय, असं तुमच्या गोटूने सांगितलं. म्हटलं, झोपू दे. ऊनही छान आहे."

केतकी दप्तर टाकायला आत गेली. आत दमट, कोंदट वाटत होतं. खिडक्यांच्या काचांवरून पाण्याचे ओघळ वाहत होते. गोटू भात शिजवत होता आणि डोक्यावरचा एक्झॉस्ट पंखा घरघरत होता. स्वयंपाकघराला लागून भट्टीची खोली होती. भट्टी गॅसवर चालायची. तिच्यात तापलेली हवा पत्र्याच्या नळ्यांमधून घरभर फिरायची आणि जळलेला वायू धुराड्यातून वर जायचा. भट्टीच्या काचेतून केतकीला रोज निळी ज्योत दिसायची. आज ती पिवळी होती, आणि उदबत्तीच्या धुरासारखी डुलत होती.

ती आईच्या खोलीत गेली.

"आई, आबा आलेत."

आई हलली नाही. केतकीने तिचा खांदा धरून हलवला.

"डोकं... फार जड झालंय," आई पुटपुटली. उठायला गेली आणि पुन्हा उशीवर कोसळली.

केतकी धावत अंगणात आली. "आबा, आई उठत नाहीये! आणि भट्टीची ज्योत पिवळी झालीय!"

आबा ताडकन उठले. "काचा ओल्या आहेत?"

"हो!"

"चल. आधी तिला बाहेर काढायचं. बाकी सगळं नंतर."

दोघांनी आईला रजईसकट उचलत, ओढत अंगणात आणलं. मग आबांनी दारातून हाक मारली. "गोटू, तुला श्वास घ्यावा लागत नाही. भट्टी बंद कर, गॅसचा नळ बंद कर आणि सगळी दारं-खिडक्या उघड!"

"बाहेर उणे अकरा अंश आहे," गोटू म्हणाला. "ऊब वाया जाईल."

"जाऊ दे ऊब! घरात विषारी वायू आहे. माणसाचा जीव वाचवायचाय."

गोटू भट्टीकडे वळला. माणसाचा जीव ही त्याच्यासाठी सगळ्यात वरची आज्ञा होती. मग धडाधड खिडक्या उघडल्या. केतकीने आरोग्यकेंद्राला फोन लावला. पत्ता तिने नीट सांगितला.

केंद्रातल्या डॉक्टर आंगमो लगेच आल्या. आईच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवून त्यांनी तिला केंद्रात नेलं. केतकीचं आणि आबांचंही रक्त तपासलं. संध्याकाळपर्यंत आई उठून बसली आणि तिने केतकीचा हात घट्ट धरला. मग म्हणाली, "मला कसलाच वास आला नाही गं."

"येणारच नाही," आबा म्हणाले. "तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला ना रंग, ना वास. आपल्या रक्तात हिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेणारा लाल पदार्थ) असतं. हा वायू त्याला ऑक्सिजनपेक्षा शेकडो पटींनी घट्ट चिकटतो. मग ऑक्सिजनला रक्तात जागाच उरत नाही."

"पण तो आला कुठून?" केतकीने विचारलं.

"ते उद्या घरी जाऊन शोधू."

दुसऱ्या दिवशी आबांनी भट्टी बंदच ठेवली, दारं-खिडक्या लावल्या आणि गोटूला एक्झॉस्ट पंखा सुरू करायला सांगितला. मग एक उदबत्ती पेटवून केतकीच्या हातात दिली. "धुराडं भट्टीला जिथे जोडलंय, तिथल्या फटीपाशी धर."

धूर वर धुराड्यात जाईल असं केतकीला वाटलं होतं. तो उलटा तिच्या तोंडावर आला.

"म्हणजे धुराड्यातून हवा खाली येतेय?"

"बरोबर. का येत असेल?"

केतकीने पंख्याकडे पाहिलं. "पंखा घरातली हवा बाहेर ढकलतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. दुसरी वाटच नसेल तर..."

"तर ती धुराड्यातून येते. जळलेल्या वायूला वर जाऊच देत नाही. त्या वायूत पाण्याची वाफ असते, ती काचांवर जमली. आणि जळायला ताजी हवा कमी पडली. पुरेसा ऑक्सिजन मिळाला की गॅस पूर्ण जळतो आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कमी पडला की अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. इथली हवा मुळातच विरळ, म्हणून भट्टीला ती जास्तच लागते."

"पण भट्टीच्या खोलीला दोन भोकं होती ना? जाळी लावलेली, एक वर, एक खाली."

दोघं बघायला गेले. दोन्ही भोकांत फटी बुजवायचा पिवळा, कडक झालेला फेस घट्ट भरलेला होता.

"गोटू, हे कोणी केलं?"

"मी," गोटू म्हणाला. "अनघाताईंनी सांगितलं होतं, ऊब वाया जाऊ देऊ नकोस. थंडी वाढली तशा मी दारांच्या फटी बुजवल्या. गेल्या आठवड्यात यांतलं एक भोक सापडलं, परवा दुसरं. त्यांतून गार हवा येत होती."

केतकीला त्याचा राग आला आणि दयाही आली. "अरे, ती भट्टीची नाकं होती!"

"भट्टीला नाक असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

आबा हसले नाहीत. "चूक त्याची एकट्याची नाही. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी घंटा बसवल्याशिवाय भट्टी पेटवायलाच नको होती."

फेस काढल्यावर केतकीने पुन्हा उदबत्ती धरली. आता धूर सरळ धुराड्यात शिरला. तरीही आबांनी भट्टी पेटवू दिली नाही. वेधशाळेचे तंत्रज्ञ लेहहून नवी बंदिस्त भट्टी घेऊन येईपर्यंत तिघं अतिथिगृहात राहिले.

नव्या भट्टीला दोन नळ होते. एकातून बाहेरची हवा थेट ज्योतीपर्यंत यायची, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेर जायचा. घरातल्या हवेशी तिचा संबंधच नव्हता, त्यामुळे पंख्याशी भांडणही नव्हतं. तंत्रज्ञ नळांची तोंडं भिंतीबाहेर गुडघ्याएवढ्या उंचीवर काढणार होते. केतकी म्हणाली, "शाळेतली मुलं सांगतात, मागच्या वर्षी इथे कमरेपर्यंत बर्फ होतं. नळ त्यात गाडले जातील."

तंत्रज्ञांनी मोजपट्टी पुन्हा काढली. तोंडं बर्फाच्या वर आणि खिडकीपासून दूर गेली. झोपायच्या खोल्यांबाहेर घंटाही बसल्या.

आईने वेधशाळेच्या सगळ्या यंत्रमानवांसाठी एक नवा नियम लिहवून घेतला: कोणतंही भोक बुजवण्याआधी ते कशासाठी आहे, हे माणसाला विचारायचं.

"आबा, सूर्याची ऊब साठवून घरं गरम ठेवता येतील का? म्हणजे ज्योतच नको," केतकीने विचारलं.

"प्रयोग चालू आहेत. तू मोठी होईपर्यंत कदाचित जमेलही. तोवर मात्र घराघरांत ज्योती जळणार."

एवढ्यात फोन वाजला. पलीकडे डॉक्टर आंगमो होत्या. "केतकी, आमचा यंत्रमानव भट्टीपाशी उभा राहून विचारतोय, हे भोक कशासाठी आहे? मला नीट सांगता येत नाहीये. येतेस का जरा?"

केतकीने उदबत्तीचा पुडा उचलला आणि बूट चढवले.