जितके आत, तितके बाहेर

पोलंड बघायचं तर माणसानं पोलंडला जावं. जपानात राहून, भाड्याची गाडी काढून, सुट्टीच्या गर्दीत एक्सप्रेसवेवर सरपटत डोंगरातलं पोलंड बघायला जाणं, ही माझ्या बायकोची, मितालीची हौस. पैशाला पूर आलेल्या काळात कुणा जपानी शेठनं तिकडच्या एका मध्ययुगीन गावाची हुबेहूब नक्कल तिथे बांधली होती. वेशीच्या विटा तर म्हणे खऱ्या, बोटीनं आणलेल्या. आता ते सगळं कायमचं बंद होणार होतं आणि तो शेवटचा दिवस होता.

डोक्याला एवढा ताप कमी होता म्हणून निघताना पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

"तिघंच निघालात? तीन तिघाडा, काम बिघाडा. चौथा म्हणून एक दगड घ्या बरोबर."

"आई, मी सॉफ्टवेअर टेस्ट करतो. दगड घेऊन फिरत नाही."

"मिताली, तू घे गं."

मितालीनं हिगाशी-कसाई भागातल्या आमच्या बिल्डिंगखालून एक खडा उचलला आणि सात वर्षांच्या आर्याच्या खिशात टाकला. आर्यानं गाडीतच त्याचं बारसं उरकलं. इशी-चान. जपानीत इशी म्हणजे दगड, तेव्हा आमचे हे दगडोबा. वाटेत दोनदा त्यांना शूला नेऊन आणावं लागलं.

लाल विटांची वेस, मागे कललेला मनोरा. वेशीत लांब झगा घातलेला एक म्हातारा द्वारपाल उभा होता. झगा पोलंडचा, माणूस जपानी, हातात माणसं मोजायचं बटणाचं यंत्र. मी "तिघं" म्हणालो. आर्यानं खडा पुढे धरला आणि जपानीत "चौघं" म्हणाली. म्हातारा हसेल असं मला वाटलं. त्यानं खड्याकडे नीट पाहिलं, कमरेत वाकला आणि चार वेळा बटण दाबलं.

"ही वेस जितके आत घेते, तितकेच बाहेर सोडते," तो म्हणाला. "कुणी आत राहिलं, तर गाव आपल्यातला एक देऊन संख्या पुरी करतं. मूळ गावातली कथा आहे. विटांबरोबर आली."

"छान," मी म्हणालो. मला भूक लागली होती.

आत दगडी चौक, बंद दुकानं, आल्याच्या बिस्किटांचा वास आणि भिंतींतून येणारा तळघरासारखा गारवा. खानावळीत आर्याला इशी-चानसाठी वेगळी खुर्ची हवी होती. सूप आधी त्याला. मग त्याला थंडी वाजायला लागली. माझं डोकं सटकलं. खडा उचलला, बाहेर गेलो आणि चौकातल्या विहिरीत भिरकावला. पाण्याचा आवाज आला नाही. कशाचाच आला नाही.

आर्या मागे धावत आली आणि हमसून रडायला लागली. मग विहिरीकडे बघता बघता एकदम थांबली, डोळे पुसले आणि शहाण्यासारखी चालायला लागली. चला, सुटलो, असं मला वाटलं.

बाहेर पडताना म्हाताऱ्यानं बटण दाबलं. मी, मिताली, आर्या.

तो थांबला. आर्याच्या डाव्या बाजूला पाहिलं.

चौथ्यांदा बटण दाबलं.

"जुळले," म्हणाला, आणि वाकला. आमच्याकडे बघून नाही.

गाडी सुरू करताच मागच्या सीटचा बेल्ट लावा म्हणून पिंपिं सुरू झालं. आर्याचा लावलेला होता. तिच्या शेजारची सीट रिकामी होती.

"सेन्सर बिघडलाय," मिताली म्हणाली.

खरं तर हे मी म्हणायचं. आवाज बंद करायला मी मागे जाऊन रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला. तो लागेना. आणखी ओढावा लागला. सीटला टेकायला हवा होता तो हातभर पुढे राहिला, तेव्हा कुठे क्लिप बसली.

मी पुढे येऊन गाडी काढली.

दुसऱ्या दिवशी त्या गावाचा फोन नंबर लावला. सेवेत नव्हता. घेतलेलं माणूस परत करायचं, तर दार कुणाचं वाजवायचं?

मला भीती वाटत होती, सरळच सांगतो. सिग्नलला आर्या नेहमी माझं बोट धरायची. आता धरत नव्हती. तिची डावी मूठ खांद्याच्या वर असायची, अर्धवट मिटलेली, आणि सिग्नल हिरवा झाला की ती माझ्याकडे न बघता निघायची. हाक मारली तर आधी डावीकडे वर बघायची, मग थांबायची.

रविवारी मितालीला ऑफिस होतं. मी आर्याला बागेत न्यायला निघालो, मुद्दाम तिच्या डाव्या बाजूनं. ती मला वळसा घालून पलीकडे गेली. बिल्डिंगखाली आल्यावर खाली वाकून काहीतरी शोधायला लागली.

"काय हरवलं?"

"दगड हवाय. आजी म्हणते ना."

"अगं, आज आपण दोघंच आहोत."

तिनं डावीकडे वर पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबा," ती समजावत म्हणाली, "नीट मोज ना."

मी चांगला गुळगुळीत दगड शोधला आणि तिच्या उजव्या हातात दिला. डावा रिकामा नव्हता.