चढावर खोकणारी जीप

जीप खोकली, दोन हिसके दिले आणि चढाच्या बरोबर मधोमध गप्प झाली. वर गोठ्यांच्या वस्तीत एक गाय अडली होती. तिची डॉक्टर, म्हणजे मी, इथे स्टिअरिंगवर बुक्क्या मारत बसले होते.

"तिला मारून काय उपयोग?" बाहेरून आवाज आला.

"मग काय मुका घेऊ तिचा?" मी फणकारले. बोलून झाल्यावर वर पाहिलं आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत तापले. मोटारसायकलवर पाय टेकून एक तरुण उभा होता. बाह्या दुमडलेल्या, गळ्यात रबरी पाइपचं वेटोळं, आणि डोळे... डोळ्यांतलं हसू त्यानं ओठांपर्यंत येऊ दिलं नव्हतं, एवढं सौजन्य त्याच्यात होतं.

"बंद पडताना खोकली, की एकदम गपकन गेली?"

"खोकली."

"मग तिला पेट्रोल पोचत नाहीये. गपकन गेली असती तर करंटचा घोटाळा. तुमचंही असंच असेल ना... आधी विचारायचं, मग हात लावायचा?"

"माझे पेशंट बोलत नाहीत."

"माझे तरी कुठे बोलतात!"

त्यानं मला मोटारसायकलवरून वर पोचवलं. गाय सुटली, वासरू धडपडत उभं राहिलं. दोर धरायला मदत करणारा हा पठ्ठ्या मात्र पांढराफटक पडून भिंतीला टेकला होता. आम्ही खाली आलो, मी किल्ली फिरवली, आणि जीप काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाली.

"बघितलंत? अशीच छळते मला."

"उद्या गॅरेजवर आणा," तो म्हणाला. "सबुरीचं गॅरेज कुठे म्हणून कुणालाही विचारा."

हे त्याचं खरं नाव नव्हतं. पण कुणी घाई केली की तो 'सबुरी, सबुरी' म्हणायचा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. आणि मी? मला चहा गार व्हायलाही वेळ लागलेला चालत नाही!

जीप बाबांची. बाबा घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून आयुष्य काढलं, आणि हौस केली ती एवढीच एक. मला आमच्याच भागातली नेमणूक मिळाली तेव्हा त्यांनी ती आपल्या हातानं झाडूनपुसून, हवं नको ते बघून मला दिली. वस्तीच्या कच्च्या रस्त्याला चारही चाकं ओढणारीच गाडी लागते. पण तेव्हापासून ती त्या चढावर अडकायला लागली. बाबांचं निदान ठरलेलं होतं. "गाडीत दोष नाही. चालवणारीला धीर नाही."

मागच्या महिन्यात मला असाच उशीर झाला आणि एक वासरू माझ्या हातात गेलं. त्या संध्याकाळी रडून रडून मी दादाला फोन केला. शहरात त्यानं माझ्यासाठी कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात जागा बघून ठेवलीच होती, जीपला गिऱ्हाईकही बघितलं होतं. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारपर्यंत गाडी नीट झाली नाही तर मी येते," मी शब्द देऊन बसले. ज्यांना वेळेवर पोचता येत नाही त्यांनी उगाच आशा लावू नये, असं मला वाटलं होतं. आणि तरीही त्या वस्तीतून कायमचं खाली उतरायचं मनात आलं की मी पुढच्या लसीकरणाच्या तारखा लिहायला घ्यायचे.

सबुरीची पद्धत मला वेड लावणारी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग दोघांनी जाऊन चढ चढून बघायचा.

"अहो, सगळं एकदम बदला ना!"

"मग दुखत काय होतं ते कसं कळणार? तुम्ही गाईला सगळी इंजेक्शनं एकदम टोचता?"

"गाय तुमच्यासारखी गप्पा मारत बसत नाही."

पहिल्यांदा फिल्टर बदलला. चढावर जीप खोकली, बंद पडली. मग पंपाचा पडदा बदलला. खोकली. मग कार्बोरेटर उघडून त्याची बारीक बारीक छिद्रं फुंकून साफ केली. फुंकताना त्याच्या गालाला खळी पडते हे मी अर्थातच बघितलं नाही... निदान त्याला कळेल असं नाही. पुन्हा चढ, पुन्हा खोकला. गॅरेजात मात्र ही बया दिवसभर गुरगुरत उभी राहायची!

बंद पडलेल्या जीपमध्ये शेजारी शेजारी बसून आम्ही पुष्कळ बोललो. त्याची थोरली बहीण त्याला अजून कानाला धरून जेवायला बसवते. मी परीक्षेच्या आधी हमखास आजारी पडायचे. त्या गेलेल्या वासराचं आणि दादाला दिलेल्या शब्दाचंही मी त्याला सांगून टाकलं. वारा गवतावरून सळसळत यायचा, पेट्रोलचा आणि तापलेल्या पत्र्याचा वास यायचा, आणि जीप उशिरा सुरू झाली तरी चालेल असं मला चक्क वाटायला लागलं होतं. मला! मग रविवार आठवायचा.

शनिवारी सकाळी त्यानं पेट्रोलच्या नळीत मध्येच एक पारदर्शक तुकडा जोडला आणि तो खिडकीतून माझ्या शेजारी आणून बांधला. "आता आपण तिच्या नाडीवर हात ठेवून बसायचं."

चढ लागला. नळीतून पेट्रोल पिवळंधमक धावत होतं. अर्ध्या वाटेवर ते बारीक झालं, बुडबुडे आले... आणि थांबलं. जीप खोकली.

तो उडी मारून मागे धावला. "पंप ओढतोय, पण टाकी सोडत नाहीये!" त्यानं टाकीचं झाकण पिळलं आणि लांबलचक फुस्स आवाज झाला. घटाघटा हवा आत गेली. पुढच्या काचेसारख्या नळीत पेट्रोल पुन्हा धावायला लागलं.

त्यानं झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. "पेट्रोल जेवढं बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी इथे टाचणीएवढं भोक असतं. हे बघा... कुणीतरी कथलाचा डाख देऊन बुजवलंय. वरून घासलंय, रंगसुद्धा दिलाय."

इतकं सुबक काम अख्ख्या गावात एकच माणूस करतो. धूळ आणि हवा हे घड्याळाचे शत्रू, म्हणून जन्मभर प्रत्येक घड्याळाची पाठ घट्ट बंद करणारा माणूस. लेकीच्या गाडीत कचरा जाऊ नये म्हणून त्यानं तिचंही झाकण तसंच बंद केलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "मी आत्ता जाते आणि बाबांना विचारते! धीर नाही म्हणे मला! त्या वासराचं..."

"वासराचं नका सांगू," तो पटकन म्हणाला. घाई करताना मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. "भोक बुजलं होतं, मोकळं केलं, एवढं सांगितलं की काम होतं. त्यांनी प्रेमानंच केलंय. बाकीचं ओझं म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर कशाला?"

झाकण हातात धरून मी तशीच उभी राहिले. प्रेमात तर मी कधीचीच पडत होते, पण तळाला जाऊन लागले ती तेव्हा.

रविवारी दादा गिऱ्हाइकाला घेऊन हजर. बाबा अंगणात इस्त्रीचा सदरा घालून, जीपला निरोप द्यायचा म्हणून गंभीर होऊन उभे. सबुरीनं झाकण दाखवलं. "भोक बुजलं होतं. आता मोकळं आहे. एकदा चढ चढून बघा."

बाबांनी झाकण घेतलं, डोळ्याजवळ नेलं आणि भोकावरून अंगठा फिरवला. मग जीपच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. "चल. मला ऐकायचंय."

दादा गिऱ्हाइकाबरोबर पायथ्याशी थांबला. मी निघाले. शेजारी सबुरी, मागे बाबा. अडायची जागा आली... इंजिनानं एक सूर धरला होता, तो तसाच राहिला. जीप वळण घेऊन सरळ माथ्यावर पोचली. मी इंजिन बंद केलं.

"माझाच पराक्रम तो," मागून बाबा म्हणाले. "घड्याळात हवा शिरली की घड्याळ जातं. गाडीला हवा लागते हे मेलं कधी सुचलंच नाही. तुला मात्र उठताबसता बोललो."

"बाबा..." मी मागे वळले. त्यांचे डोळे भरले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

"अहो, मलाच किती दिवस लागले," सबुरी म्हणाला. "खरं तर सगळ्यात आधी झाकणच बघतात. नवशिकाही बघतो."

"मग तुम्ही का नाही बघितलंत?" मी विचारलं.

तो गुडघ्यावरचा नसलेला धुरळा झटकायला लागला. "लक्ष... लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

बाबांनी घसा खाकरला आणि ते खाली उतरले. "मी जरा पाय मोकळे करून येतो. वस्तीपर्यंत जाईन म्हणतो. वाट बघू नका." आणि गुडघे दुखतात म्हणून रोज कुरकुरणारा हा माणूस तरातरा चालायला लागला.

आता जीपमध्ये आम्ही दोघंच.

"गाडी बरी झाली," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "आता तुम्हाला गॅरेजवर यायचं काही कारण नाही."

"गाडीला नाही. मला आहे."

तो वळला. डोळ्यांतलं हसू या वेळी ओठांवर उतरलं, गालाला खळी पडली, आणि मी ती राजरोस बघून घेतली.

"मला तू फार आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी... तू तिला बुक्क्या मारत होतीस तेव्हापासून. पण तू जाणार होतीस. जाणाऱ्या माणसाला काय सांगायचं?"

मी उत्तर देणार तोच फोन वाजला. दादा.

"काय गं, पोचली का गाडी?"

"पोचली. गिऱ्हाइकाला घरी पाठव."

"आणि दवाखान्यातल्या जागेचं काय सांगू?"

"नाही म्हणून सांग. मी इथेच राहतेय, दादा." हे बोलता बोलता मी दुसऱ्या हातानं सबुरीचा हात धरला. तो काळा, तेलकट होता. पँटला पुसायला म्हणून त्यानं तो मागे ओढला.

मी सोडला नाही.