केसांच्या दिशेनं

दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी असूनही तो सरळ आत आला.

“वाचता येत नाही वाटतं?” मावशी कडाडली. पार्लर तिचं होतं. भाची हाताखाली काम करायची.

“येतं हो. पण हे बघा ना…” त्याच्या उजव्या हातावर सरस वाळून केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या. “सुतार आहे मी. डबा कलंडला.”

भाचीनं हसू दाबलं. आधी तेल चोळलं, मग कोमट मेण लावून वर कापडी पट्टी दाबली.

“दुखेल?”

“छे!” म्हणत तिनं पट्टी खस्सकन ओढली.

“आई गं! खोटारड्या आहात.”

“सगळ्यांना हेच सांगते.”

जाताना त्यानं मेणाचं भांडं हुंगलं. “लिंबू घालता?”

ती तिथंच सावध झाली. साखर-लिंबाचं हे मेण मावशी घरी करायची. त्याच्या जिवावर तर पार्लर तगलं होतं… आणि समोर एक चकचकीत पार्लर उघडू घातलं होतं. दुसऱ्या दिवशी तो त्या समोरच्या पार्लरमधूनच बाहेर पडताना दिसला, खांद्यावर फळी घेऊन.

“हेर आहे मेला,” मावशी म्हणाली. “भांडं झाकून ठेव.”

आठ दिवसांनी तो परत हजर. आता डावा हात. पुन्हा डबा कलंडला म्हणे! तिनं भांडं मागं सरकवलं. तो भांड्याकडे बघतच नव्हता. बघत होता तिच्या हातांकडे. कृती चोरतोय, दुसरं काय… तरी त्याच्या मनगटावर तिची बोटं उगाचच रेंगाळली. तिला स्वतःचाच राग आला.

तिसऱ्यांदा त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. तेलाची बाटली उघडता उघडता ती थांबली. पोटरीवर सरस कसा पातळ, एकसारखा, वरून खाली बसला होता.

“डबा कलंडला?”

“हो ना.”

“कलंडलेला डबा केसांची दिशा बघून सांडत नाही. कुठं शिकलात हे?”

तो कानापर्यंत लाल झाला. “तुमच्याकडे बघून.”

“म्हणजे कृती चोरलीतच! आता समोर जाऊन सांगा.”

“समोरचं काम गेल्या आठवड्यातच संपलं.”

“मग लिंबाची चौकशी कशाला?”

“त्या दिवशी हाताला तो वास राहिला होता… रात्रीपर्यंत धुतला नाही मी हात.” त्यानं मान खाली घातली. “आणि सरस लागल्याशिवाय मावशी आत घेत नाहीत.”

पडद्यामागं मावशीला अचानक खोकला आला.

ती पुन्हा कामाला लागली. मेण लावलं, पट्टी दाबली, वरून तळहात फिरवला… जरा सावकाशच.

“सहाला बंद करतो आम्ही,” ती पट्टीकडे बघतच म्हणाली. “पाटी आतल्यापुरती आहे. बाहेर कुणीही उभं राहावं.”

त्यानं श्वास रोखला. “दुखेल?”

“हो,” ती म्हणाली. गिऱ्हाइकाला तिनं पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं.